शंका घेणाऱ्याचीच परीक्षा

कार्यालयांतून हल्ली चिकित्सक विचारांची शिबिरे भरतात; कनिष्ठांना तर्क शिकवतात. दोष मात्र वरच्या खुर्चीत असतो. २७ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर'च्या अग्निबाणांचे अभियंते बजावत होते, की थंडीत सांध्यांतील रबरी कड्या दगा देतील. उत्तर मिळाले : धोका सिद्ध करा! वस्तुतः सुरक्षितता सिद्ध करण्याचे ओझे उड्डाण करू पाहणाऱ्यांवर हवे. दुसऱ्या दिवशी ७ अंतराळवीर गेले. पुढे चौकशीत दिसले, की थंड हवेतील चारही उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती. उबदार हवेतील २० पैकी केवळ ३ उड्डाणांत. हा ताळा त्या रात्री मांडलाच गेला नव्हता. आमच्या संस्थानी वळणाच्या कचेऱ्यांत तर 'साहेब, हे कशावरून?' एवढे विचारणेही उद्धटपणात जमा होते.