कौतुक सातव्यात, कष्ट पहिल्यात

आपल्याकडे डोहाळजेवण सातव्या महिन्यात होते. हिरवी साडी, फुलांची वाडी, गाणी. सारे कौतुक तेव्हाचे. पहिल्या तीन महिन्यांत मात्र बाईला कोरड्या उलट्या होतात, फोडणीचा वास सोसवत नाही, अंगात त्राण उरत नाही, आणि घर म्हणते, "त्यात काय एवढे?"

मला हा क्रम उलटा वाटतो. गर्भाच्या मेंदूचा व मज्जारज्जूचा पाया असलेली नलिका गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. फोलिक आम्ल गर्भ राहण्यापूर्वीच सुरू केल्यास या नलिकेतील व्यंगे पुष्कळ टळतात, हे १९९१ साली ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीने दाखवून दिले. म्हणजे काळजी बातमी कळण्याच्याही आधी हवी!

आपल्यापैकी पुष्कळजण उद्या संसार मांडतील. ओटी सातव्यात खुशाल भरावी. पण पहिल्या महिन्यांत तिच्या हातची कामे आपण घ्यावीत. पोटात पाणीही ठरेना, तर थट्टा न करता तिला डॉक्टरांकडे न्यावे. खरे डोहाळे पुरवणे ते हेच.