चालत्या यंत्राला मृत्युदंड

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी जगभरातील कोट्यवधी संगणक एका रात्रीत म्हातारे झाले. त्यांच्यातील तारा कुजल्या नव्हत्या की चिपा जळाल्या नव्हत्या. आदल्या दिवशी जे यंत्र पत्रे लिहीत होते, हिशोब मांडत होते, ते दुसऱ्या दिवशीही तितक्याच इमानाने तेच काम करीत होते. बदलले ते एवढेच, की मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या आपल्या कार्यप्रणालीची सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती त्या दिवशी थांबविली. आणि तिच्या जागी आणलेल्या विंडोज ११ चे अधिकृत दार या यंत्रांना आधीच बंद करून ठेवले होते. कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने डिसेंबर २०२३ मध्येच इशारा दिला होता की या एका निर्णयापायी सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील.

हा मृत्युदंड किती न्याय्य आहे हे पाहावयाचे तर दंडितांपैकी एकाचा खटला तपासणे पुरेसे आहे. इंटेलचा कोअर आय-५ ७३००यू हा प्रोसेसर जानेवारी २०१७ मध्ये बाजारात आला. दोन गाभे, चार धागे, आणि विजेची भूक अवघी १५ वॅट. तो खेळांसाठी वा चैनीसाठी घडविलेला नव्हता. कचेरीतील कामासाठी घडविला होता. शेकडो यंत्रांची देखभाल एका जागेवरून करता यावी, अशी व्हीप्रो नावाची सोय त्यात होती. लेनोव्होचा थिंकपॅड टी४७०, डेलचा लॅटिट्यूड ७४८०, एचपीचा एलिटबुक ८४० अशा दणकट लॅपटॉपांत तो बसविला गेला.

मोठ्या कंपन्या असे लॅपटॉप तीन-चार वर्षे वापरून बदलतात. तेथून ते दिल्लीच्या नेहरू प्लेसवर, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर येतात; त्यांची बॅटरी बदलली जाते, मेमरी वाढविली जाते, आणि नव्याच्या किमतीच्या लहानशा अंशात ते विकले जातात. ज्याला नवा लॅपटॉप परवडत नाही असा विद्यार्थी, छोटा दुकानदार, टंकलेखनावर पोट भरणारा माणूस, तुटपुंज्या निधीवर चालणारी संस्था, हे सारे त्यांचे दुसरे मालक होत. दंड नेमका या दुसऱ्या मालकाला झाला आहे. पहिला मालक केव्हाच नवे यंत्र घेऊन मोकळा झाला.

कंपनीचे म्हणणे असे की हे सारे सुरक्षिततेसाठी आहे. सुरक्षितता ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे. बँकेचा व्यवहार ज्या यंत्रावर होतो ते चोरांपासून राखलेच पाहिजे. म्हणून हा दावा गांभीर्यानेच तपासावयास हवा. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आवश्यक ठरविण्यात आली. ती या पिढीच्या बहुतेक व्यावसायिक लॅपटॉपांत होतीच. मग प्रोसेसरच कमअस्सल म्हणावा, तर कार्यप्रणालीच्या गाभ्याचे रक्षण करणारी जी ‘मेमरी इंटेग्रिटी’ ही यंत्रणा, तिला वेगाने चालविण्यासाठी लागणारी सोय इंटेलच्या केबी लेक आणि त्यापुढील प्रोसेसरांत आहे, असे मायक्रोसॉफ्टचीच तांत्रिक कागदपत्रे सांगतात. आय-५ ७३००यू हा केबी लेकच आहे! ज्याच्याजवळ शस्त्र आहे असे कंपनी स्वतः लिहून देते, त्यालाच ती निःशस्त्र म्हणून सैन्यातून काढून टाकते.

याहून विलक्षण प्रकार पुढेच आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये, म्हणजे अवघ्या सात-आठ महिन्यांनी, इंटेलने आय-५ ८२५०यू आणला. त्याचे गाभे दोनाचे चार झाले. पण गाभ्याची मूळ रचना तीच केबी लेकची, तंत्र तेच १४ नॅनोमीटरचे आणि विजेची मर्यादा तीच १५ वॅटची. खोक्यावर मात्र ‘आठवी पिढी’ असा शिक्का बसला. विंडोज ११ ला दोनच गाभे पुरतात, असे कंपनीचेच नियम सांगतात. म्हणजे गाभ्यांच्या संख्येचीही अडचण नव्हती. तरीही आठव्या पिढीला प्रवेश मिळाला आणि सातव्या पिढीला नकार. एकाच घराण्यातील दोन भावांपैकी एकाला वारस ठरवावे आणि दुसऱ्याला घराबाहेर काढावे, तेही केवळ जन्मपत्रिकेवरील आकड्यावरून, असा हा न्याय आहे.

आणि या न्यायालाही अपवाद निघाला. जून २०२१ मध्ये नियम जाहीर झाले तेव्हा सातव्या पिढीचा आय-७ ७८२०एचक्यू हाही प्रोसेसर अपात्र होता. पण हाच प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ या, ३४९९ डॉलरपासून पुढे विकल्या जाणाऱ्या संगणकात बसलेला होता आणि तो संगणक त्या वेळी बाजारात होता. ऑगस्ट २०२१ मध्ये त्या प्रोसेसरला, ठरावीक यंत्रांपुरती का होईना, पात्रता बहाल झाली. कंपनीने कारण दिले ते आधुनिक ड्रायव्हरांचे. कारण काही असो. सातवी पिढी विंडोज ११ चालवू शकते, हे कंपनीने स्वतःच्या मालावर सिद्ध करून दाखविले. साडेतीन हजार डॉलरच्या यंत्राला जी माफी मिळाली ती लॅमिंग्टन रोडवरच्या लॅपटॉपला मिळाली नाही.

कंपनीने एक आकडा पुढे केला होता: अटी पूर्ण न करणाऱ्या यंत्रांवर गाभ्यातील बिघाड ५२ टक्क्यांनी अधिक आढळले. आकडा भयंकर वाटतो. परंतु त्याच निवेदनात, पात्र यंत्रांचा वापर ९९.८ टक्के बिघाडमुक्त होता असेही म्हटले आहे. मुळात नगण्य असलेली गोष्ट दीडपट झाली तरी ती नगण्यच राहते. शिवाय ‘अपात्र’ या एका शब्दाखाली जुनाट, मोडकळीस आलेली यंत्रे आणि २०१७ चे धडधाकट लॅपटॉप एकाच रांगेत उभे करण्यात आले. सर्वांची सरासरी काढावयाची आणि शिक्षा प्रत्येकाला द्यावयाची, ही गणिती चलाखी होय.

मग खरे कारण कोणते? विंडोज ११ जुन्या पात्र यंत्राला विनामूल्य मिळते; त्यातून कंपनीच्या तिजोरीत परवान्याचे नवे पैसे पडत नाहीत. नवा लॅपटॉप विकला गेला की त्याबरोबर विंडोजचा नवा परवानाही विकला जातो. चिप विकणारा, लॅपटॉप जोडणारा आणि कार्यप्रणाली विकणारा, या तिघांचेही हित एकाच गोष्टीत आहे: जुने यंत्र लवकर मरावे. १९२४ साली जिनिव्हात विजेच्या दिव्यांच्या कारखानदारांनी फीबस नावाचा संघ उभारला आणि दिव्याचे आयुष्य १००० तासांवर आणून ठेवले. ज्याचा दिवा अधिक टिके त्याला दंड. त्या कारखानदारांना निदान दिवा कमजोर घडवावा लागत होता. आज तेवढेही कष्ट नकोत. यंत्र मजबूतच राहू द्या, त्याला चालविणारी आज्ञावली आपल्या मुठीत असली म्हणजे झाले. यंत्राची किंमत मोजणाऱ्याची मालकी नावापुरती उरते आणि त्याच्या आयुष्यावरची सत्ता दुसऱ्याकडेच राहते.

ही सत्ता खंडणीही वसूल करते. विंडोज १० ची सुरक्षा-दुरुस्ती पुढे हवी असेल तर कंपन्यांना व संस्थांना दर यंत्रामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर असा दर लावण्यात आला. दरवर्षी तो दुप्पट, म्हणजे तीन वर्षांचे ४२७ डॉलर. घरगुती ग्राहकाला एका वर्षासाठी ३० डॉलर, किंवा आपली मांडणी कंपनीच्या खात्यात साठवून ठेवण्याची अट. युरोपातील ग्राहक-संघटनांनी आवाज उठविला तेव्हा २०२५ मध्ये तेथील घरगुती ग्राहकांना ही दुरुस्ती वर्षभर विनामूल्य द्यावी लागली. दुरुस्ती तयार आहे, ती देताही येते. प्रश्न फक्त कोण दबाव आणतो याचा आहे.

आणि जी यंत्रे खरोखरच फेकली जातील ती जाणार कोठे? २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के कचऱ्याची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. उरलेल्यापैकी काय होते हे दिल्लीच्या सीलमपूरमध्ये पाहावे. तेथे तांब्यासाठी तारा जाळल्या जातात, धातूंसाठी पाट्या आम्लात बुडविल्या जातात, आणि तो धूर मजुरांच्या छातीत जातो. भारताचे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम उपकरणाच्या उत्पादकाला जबाबदार धरतात. पण निव्वळ आज्ञावलीच्या निर्णयाने चालते उपकरण कचरा ठरविणाऱ्याच्या माथ्यावर त्या निर्णयाचा भार पडत नाही.

उपाय नाहीत असे नाही. हाच आय-५ ७३००यू लिनक्सवर आजही उत्तम चालतो, सुरक्षा-दुरुस्तीसह. केरळने आपल्या सरकारी शाळांत मुक्त प्रणाली वर्षानुवर्षे चालवून दाखविली आहे. अडचण आहे ती हिशोबाच्या पॅकेजांची आणि विंडोजवाचून न चालणाऱ्या कचेरीतील आज्ञावलींची. ती नाकारण्यात अर्थ नाही. पण ही अडचण नैसर्गिक नाही, खरेदीच्या धोरणाने निर्माण केलेली आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्येच मुक्त आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले होते. ते कागदावरून कचेरीत उतरविण्याची मागणी प्रत्येक नगरपालिकेत, जिल्हा परिषदेत, सहकारी बँकेत आणि शाळेत झाली पाहिजे. चालते लॅपटॉप लिलावात काढण्याचा ठराव जेथे येईल तेथे एकच प्रश्न विचारला जावा: बिघाड कशात आहे, यंत्रात की करारात?

फ्रान्सने २०१५ मध्ये वस्तूचे आयुष्य मुद्दाम घटविणे हा कायद्याने गुन्हा ठरविला. दोन वर्षांची कैद आणि तीन लाख युरोंचा दंड. भारतात २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमण्यात आली. त्या हक्कात केवळ स्क्रू आणि सुटे भाग मोजून चालणार नाही. आज्ञावलीची दुरुस्ती ही देखील दुरुस्तीच आहे. कंपनीला ती द्यावयाची नसेल, तर तिने कुलूप उघडून किल्ली समाजाच्या हाती द्यावी. पंधरा वॅटवर इमानाने राबणाऱ्या यंत्राचे आयुष्य ते वापरणाऱ्याने ठरवावे. ते विकून मोकळे झालेल्याने नव्हे.