कामगार संघटना : सभासद-यादीपलीकडे

८ मे १९७४ रोजी सुरू झालेला रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप २० दिवसांनी मागे घ्यावा लागला. कल्याणसारख्या जंक्शनच्या गावी तो घराघराचा प्रश्न होता. रूढ अर्थशास्त्रीय हिशेबाने हा निखालस पराभव ठरतो. परंतु बडतर्फ कामगारांना १९७७ नंतर रेल्वेमंत्री मधु दंडवते यांनी परत घेतले आणि नाकारलेली बोनसची मागणी १९७९ मध्ये मान्य झाली. मग जमाखर्च कोणत्या वर्षी मांडावयाचा?

चार्ल्स टिली प्रभृतींनी १९७० च्या दशकात विकसित केलेला सामाजिक चळवळींचा सिद्धांत येथे उपयोगी पडतो. गाऱ्हाणी सदैव असतातच. केवळ त्यांतून लढा उभा राहत नाही. संघटनेची साधने, परस्परसंबंधांचे जाळे आणि राज्यसंस्थेच्या भिंतीत पडलेली फट यांचा योग जुळावा लागतो. १९७४ मध्ये विखुरलेल्या संघटना एका संघर्ष समितीत आल्या, रेल्वे वसाहतींतील शेजारही होता. फट मात्र बुजलेली होती. ती १९७७ मध्ये उघडली.

या सिद्धांताने वर्गसंघर्ष पातळ होतो, अशी शंका काही सहकारी घेतात. परंतु १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून साप्ताहिक सुटीची मागणी करणारे नारायण मेघाजी लोखंडे सत्यशोधक होते. आपल्याकडे कामगार संघटना समाजपरिवर्तनाच्या चळवळीच्या पोटीच जन्मली, हे विसरून कसे चालेल?

प्रश्न केवळ अभ्यासाचा नाही. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ व मे २०२४ मध्ये झालेल्या स्फोटांत माणसे मेली, आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या. कुंपणाच्या आतल्याचे आणि बाहेरच्याचे गाऱ्हाणे एकच आहे. तरीही कंत्राटी कामगार संघटनेच्या यादीत क्वचितच आढळतो. रहिवासी तर नाहीच. एकाहून अधिक संघटना असतील तेथे ५१ टक्के पाठिंब्यावर वाटाघाटीचा एकमेव हक्क देणाऱ्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेमुळे आपली दृष्टी यादीवरच खिळण्याचा धोका वाढला आहे.

म्हणून ठाणे, कल्याण व डोंबिवलीतील कार्यकर्त्यांनी आपल्या पाहणीत सभासद किती, एवढेच विचारून थांबू नये. कामगार कोणत्या चाळीत राहतो, संकटात कोणाकडे धाव घेतो, कारखान्याशेजारच्या रहिवाशांशी त्याची ओळख आहे काय, हेही नोंदवावे. ती ओळख पुढच्या स्फोटानंतर करून घेण्यापेक्षा आजच करून घेणे हे आपले काम आहे.