कटू इशाऱ्याचे मोल

सत्ताधीशाच्या मनासारखे भाकीत करणाऱ्यांची उणीव कोणत्याही दरबाराला कधी भासलेली नाही. मागणी तसा पुरवठा हा बाजाराचा नियम भाकितांनाही लागू पडतो. कटू इशाऱ्याचा हिशेब मात्र निराळा आहे. त्याचा लाभ साऱ्या समाजात वाटला जातो. किंमत मात्र बोलणाऱ्या एकट्यालाच मोजावी लागते. ही किंमत मोजणाऱ्यांची जी परंपरा हिब्रू धर्मग्रंथांनी जपली आहे, तीत यिर्मया या संदेष्ट्याचे चरित्र विशेष चिंतनीय आहे.

इ. स. पू. सातव्या शतकाच्या अखेरीस यहूदाचे चिमुकले राज्य मिसर आणि बाबेल या बलाढ्य सत्तांच्या कात्रीत सापडले होते. देवाचे मंदिर यरुशलेमात असल्यामुळे नगराला भय नाही, अशी लोकांची समजूत होती. त्याच मंदिराच्या अंगणात यिर्मयाने बजावले की, परका, अनाथ आणि विधवा यांच्यावरील जुलूम थांबला नाही, तर ही वास्तूही शिलोच्या प्राचीन पवित्र स्थानाप्रमाणे उद्ध्वस्त होईल. पुरोहितांनी त्याच्या देहान्ताची मागणी केली. तेव्हा काही वडीलधाऱ्यांनी एक जुना दाखला दिला. सुमारे शंभर वर्षांपूर्वी मीखाने असाच इशारा दिला असता हिज्कीया राजाने त्याला मारले नाही. तो देवापुढे नमला आणि अरिष्ट टळले. यिर्मया वाचला. परंतु असेच बोलणाऱ्या उरीयाला यहोयाकीम राजाने मिसरातून धरून आणवले व ठार केले. पुढे यिर्मयाच्या वचनांची गुंडाळीही याच राजाने चाकूने कापून शेगडीत जाळली. ती पुन्हा लिहिली गेली.

भाकीत खरे ठरणे एवढीच कसोटी लावली, तर मीखा खोटा ठरतो. वस्तुतः अरिष्ट टळले, हेच त्याचे यश होय. इशारा खोटा ठरावा, म्हणूनच तो द्यावयाचा असतो. इ. स. पू. 597 मध्ये बाबेलने यरुशलेम घेतले, त्यानंतर हनन्या नावाच्या संदेष्ट्याने दोन वर्षांत सारे पूर्ववत होईल, अशी ग्वाही दिली. त्यावर यिर्मया प्रथम म्हणाला, ते असेच घडो! त्याला स्वजनांचा नाश नको होता. मात्र शांतीची ग्वाही देणाऱ्याने ती घडून आल्यावरच मान मागावा, असेही त्याने सुनावले. सिद्धतेचा भार त्याने गोड बोलणाऱ्यावर टाकला.

पुढे सिद्कीया राजाच्या कारकिर्दीत बाबेलचा वेढा पडला. भेदरलेल्या धनिकांनी आपल्या हिब्रू दासदासींना मुक्त केले. मिसरी सैन्य येत असल्याच्या वार्तेने वेढा उठताच त्यांनाच पुन्हा दास्यात ओढले. संकटकाळची ही सुधारणा किती उथळ आहे, हे यिर्मयाने निर्भीडपणे सांगितले. शरण गेल्यास प्राण वाचतील, हा त्याचा सल्ला सैनिकांचे धैर्य खचवणारा ठरवून सरदारांनी त्याला चिखलाने भरलेल्या हौदात उतरवले. राजवाड्यातील एबद-मलेख या कूश देशीय सेवकाने राजाकडे रदबदली करून, दोरांना जुन्या चिंध्यांचा आधार देत, त्याला वर काढले. राजा त्याचा सल्ला गुप्तपणे विचारी. तो पाळण्याचे धैर्य मात्र त्याच्यापाशी नव्हते. इ. स. पू. 586 च्या सुमारास नगर पडले आणि मंदिर जळाले.

इशारा देणाऱ्याच्या धैर्याचे गोडवे गाणे सोपे आहे. परंतु मीखाच्या इशाऱ्याने नगर वाचले आणि यिर्मयाच्या इशाऱ्याने वाचले नाही, याचे कारण वक्त्यांच्या धैर्यात नसून श्रोत्यांच्या वृत्तीत आहे. जुना दाखला आठवणारे वडीलधारे आणि हौदात दोर सोडणारा एखादा सेवक ज्या समाजात असतात, तेथे इशारा देणारा निदान जगतो. समाज वाचावयाचा, तर त्याचे ऐकणारा राजाही हवा.