गायरान राखा! जालन्याचा माळ वाचवा!

जालना जिल्ह्यातील गावकरी बंधू-भगिनींनो,

आपला जिल्हा सुमारे 7,700 चौरस किलोमीटरचा. त्यात जंगल जेमतेम एक टक्का आणि अभयारण्य एकही नाही. शेजारच्या संभाजीनगर जिल्ह्यात गौताळा आणि जायकवाडी 1986 पासून राखीव आहेत. आपल्याकडे काळविटाला, लांडग्याला, चंडोलाला थारा आहे तो गायरानात आणि माळावर. आपल्या शेळ्या-मेंढ्या जगतात त्याही तिथेच. सरकारी दप्तरात मात्र हा माळ ‘पडीक’, म्हणून प्रत्येक नव्या योजनेचा पहिला डोळा त्याच्यावर!

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 पाहा. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळालीच पाहिजे. सौरऊर्जेला आमचा विरोध नाही. पण या योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे, आणि सरकारी जमीन नाममात्र एका रुपयात! मग गायरानावर कुंपण पडणार नाही तर कुठे? गुराख्याने जनावरे न्यायची कुठे, याचा हिशेब कोणी मांडायचा?

कायदा आपल्या बाजूने आहे. गावच्या सामाईक जमिनी वाचवा, असे सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी जगपालसिंग खटल्यात सर्व राज्यांना बजावले. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम 22-अ सांगते, की दुसरी योग्य सरकारी जमीन उपलब्ध नसेल तरच सार्वजनिक कामासाठी गायरानाला हात लावता येतो. ‘उपलब्ध नाही’ हे प्रशासनाने गावासमोर सिद्ध करावे.

रोही आणि हरणे पीक खातात, हे खरे आहे. सोयाबीन-हरभऱ्याचे नुकसान सोसणाऱ्याला वेळेत भरपाई मिळालीच पाहिजे. पण माळ संपला तर हे कळप जातील कुठे? आपल्याच वावरात! माळावर खड्डे खणून गिरिपुष्पाची रोपे लावणे हाही उपाय नव्हे. कुसळी, पवन्या, मारवेल या गवतांना ऊन लागते. दाट सावलीत ती मरतात आणि चाराही जातो.

पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे वनविभागाने माळरान सफारी सुरू केली. लांडगा, खोकड, चिंकारा पाहायला लोक पैसे मोजून येतात. जालन्याच्या मुलांनी काळवीट फक्त पुस्तकातच पाहायचे काय?

आमच्या मागण्या:

1. ग्रामसभेच्या ठरावाशिवाय गायरानाची एक गुंठाही जमीन देऊ नये.
2. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 36-अ खाली जिल्ह्यातील निवडक सरकारी माळ ‘संवर्धन राखीव क्षेत्र’ जाहीर करावेत. त्यांच्या समितीत ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो. तिच्या सल्ल्याने चराई आणि गवतकापणी सुरू ठेवावी.
3. माळावर झाडे नकोत, गवत राखा. पायवाटा आणि पाणवठे करून माळ विद्यार्थ्यांना, पक्षिनिरीक्षकांना खुला करावा.
4. 14 एप्रिल 1990 पूर्वीपासून गायरान कसणाऱ्या पात्र भूमिहीनांचे हक्क आधी कायम करावेत. माळ राखण्याच्या नावाखाली गरिबाच्या पोटावर पाय नको.

येत्या ग्रामसभेला घरातल्या बायाबापड्यांसह या. त्याआधी तलाठ्याकडून गावच्या गायरानाचा सातबारा काढा, गट नंबर आणि क्षेत्र ठरावात लिहा, मोजणीची मागणी करा आणि ठरावाची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात देऊन पोच घ्या. हा माळ आपल्या सर्वांचा आहे. तो राखण्याचे कामही आपल्यालाच करायचे आहे.

आपले,
गायरान राखू पाहणारे जालना जिल्ह्यातील नागरिक

(हे पत्रक वाचून दुसऱ्याला द्या.)