मोळी एकीची नव्हे, फटक्यांची

‘फॅसेस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘एकीचे बळ’ असा सांगणारी चित्रे समाजमाध्यमांवर सर्रास फिरत असतात. सोबत म्हातारा, त्याची भांडखोर मुले आणि न मोडणारी काठ्यांची मोळी ही शाळेतली गोष्टही जोडलेली असते. गोष्ट गोड आहे. इतिहास तो नव्हे.

‘फॅसिस’ म्हणजे मोळी, ‘फॅसेस’ हे तिचे अनेकवचन. रोममध्ये लिक्टर नावाचे सेवक ही मोळी खांद्यावर घेऊन अधिकाऱ्यापुढे चालत. कॉन्सलपुढे 12, आणीबाणीत नेमलेल्या डिक्टेटरपुढे 24. मोळीतल्या छड्या फटके मारण्यासाठी होत्या आणि तिच्यात खोचलेली कुऱ्हाड मुंडके उडवण्यासाठी. ती पाहणाऱ्या सामान्य रोमन माणसाला त्यात एकी कशी दिसावी? त्याला आठवत असणार ती स्वतःची पाठ आणि मान.

शंका असेल त्यांनी एकच प्रथा तपासावी. शहराच्या पवित्र सीमेच्या आत कॉन्सलच्या मोळीतून कुऱ्हाड काढून ठेवावी लागे, कारण तेथे नागरिकाला मृत्युदंडाविरुद्ध लोकांच्या सभेकडे दाद मागता येई. डिक्टेटरची कुऱ्हाड मात्र शहरातही जागची हलत नसे. मोळी ही ऐक्याची खूण असती, तर कुऱ्हाडीचा एवढा हिशेब कोणी कशाला ठेवला असता? इ.स.पू. 59 मध्ये सीझरच्या जमीनविषयक कायद्याला विरोध करणाऱ्या बिब्युलस या कॉन्सलच्या मोळ्या जमावाने भर चौकात मोडल्या. (मोळीही मोडते, हे गोष्टीतल्या म्हाताऱ्याला कोणीतरी कळवावे.)

एकीचा अर्थ फार पुढचा. फ्रेंच क्रांतीने तो मिरवला. इटलीत ‘फाशो’ हा शब्द संघटना या अर्थाने रुळला आणि 1890 च्या दशकात सिसिलीतील समाजवादी शेतकरी-कामगारांनीही तो आपल्या संघटनांना लावला. मुसोलिनीने 1919 मध्ये मिलानमध्ये तोच शब्द उचलला. पुढे चिन्ह मात्र घेतले ते रोमचे, कुऱ्हाडीसकट. तेव्हा ‘निरागस ऐक्यचिन्ह मुसोलिनीने बाटवले’ ही हळहळ फुकाची आहे. एकीच्या नावाखाली त्याने जुना धाकच परत आणला.

उलट टोकाचे उत्साही वीरही आहेत. वॉशिंग्टनच्या स्मारकात लिंकनच्या आसनाच्या हातांवर फॅसेस दिसताच ते ‘फॅसिस्ट!’ म्हणून ओरडतात. त्यांनी निदान तारखा पाहाव्यात. स्मारकाचे लोकार्पण मे 1922 मध्ये झाले. मुसोलिनी सत्तेवर आला तो त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात.