बिल घेणाऱ्याचीच पंचाईत

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची देखभाल थांबवली. पुढच्याच आठवड्यात दिवाळी होती. भंगारवाल्याला हाक मारायचा मुहूर्त जणू कंपनीनेच काढून दिला. नागपुरातल्या धरमपेठेसारख्या वस्तीत संगणकाच्या अशा जुन्या कॅबिनेटसोबत खेळांच्या सीडींचा एक डबाही निघतोच. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला की लक्ष्मीभुवन चौकात दुपारी चिटपाखरू नसायचं. त्या दुपारी पोट्ट्यांना कूलरसमोर घरात डांबून ठेवण्याचं पुण्य या सीडींचंच. ते पोट्टे आता पुण्या-बंगळुरूला नोकरी करतात, सुट्टीत घरी येतात, हौसेने जुना खेळ लावायला जातात आणि तो लागत नाही. जुनं झालं, चालायचंच, असं म्हणून डबा पुन्हा माळ्यावर जातो.

खेळ जुना झाला म्हणून लागत नाही, ही समजूत अर्धीमुर्धीच खरी आहे. सगळ्यात जुने खेळ तर सगळ्यात सहज लागतात. विंडोज ११ फक्त ६४ बिटांची आहे, डॉसच्या काळातले १६ बिटांचे खेळ ती थेट घेत नाही, हे खरं. पण डॉसबॉक्स नावाचा फुकट प्रोग्रॅम २००२ पासून आहे. तो नव्या यंत्राच्या पोटात जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल उभी करतो, साउंड कार्डासकट. वेगही हवा तितका कमी करता येतो, नाहीतर प्रोसेसरच्या वेगावर बेतलेले काही जुने खेळ आज इतके सुसाट पळतात की डोळ्यांना दिसतच नाहीत. डेंजरस डेव्ह त्यावर उड्या मारतो, प्रिन्स ऑफ पर्शियाचा राजपुत्र तासाभरात राजकन्येपर्यंत पोचायला धावतो.

या राजपुत्राच्या खेळातही चोरीविरुद्ध पहारा होता. पहिली पातळी संपली की अक्षरं लिहिलेल्या बाटल्यांची एक खोली यायची. सोबतच्या पुस्तिकेत अमुक पानावर, अमुक ओळीत, अमुक शब्दाचं पहिलं अक्षर कोणतं ते पाहायचं आणि त्या अक्षराची बाटली प्यायची. चुकीची प्यायलात तर फळ भोगा. ही युक्ती आम्हाला आजही सभ्य वाटते, कारण किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात दिलेली होती. पुस्तिका जपली तर कुलूप पस्तीस वर्षांनीही उघडतं.

त्यानंतरच्या सीडींवर आलेल्या सेफडिस्कसारख्या कुलपांची गोष्ट उलटी. त्यांची किल्ली विंडोजच्या आत खोलवर बसवलेल्या एका छोट्या ड्रायव्हरकडे होती. सीडी अस्सल आहे की नाही ते तो तपासायचा. त्याच ड्रायव्हरमध्ये सुरक्षेची भोकं निघाली. २०१५ साली विंडोज १० आली ती त्याला वगळूनच. त्याच वर्षी जुन्या विंडोजमध्येही अपडेट पाठवून तो बंद केला गेला. सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय बरोबरच होता, पण त्याचा भुर्दंड कोणाला पडला ते पाहा. ज्याने दुकानातून खोकं घेतलं, बिल घेतलं, त्याची सीडी अडली. ज्याने फुटपाथवरून कुलूप तोडलेली प्रत पन्नास रुपयांत उचलली, त्याला या कुलपाचा जाच कधी झालाच नाही.

आपला कायदा इथे बराच समजूतदार आहे, हे फार कोणाला ठाऊक नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला संगणक प्रोग्रॅमची राखीव प्रत करू देतं. २०१२ मध्ये आलेलं कलम ६५-अ कुलूप तोडणं गुन्हा ठरवतं, पण हक्क बुडवण्याचा हेतू असेल तरच. तेव्हा सीडीची इमेज करून ठेवायला बिचकायचं कारण नाही. लॅपटॉपला सीडीची खाच उरली नसली तरी बाहेरून जोडायचा ड्राइव्ह अजून मिळतो.

घरची सीडी अशी वाचेल, एखाद्या खेळाचं नशीबही उघडेल. डूमचा कोड कंपनीनेच १९९७ मध्ये खुला केला, म्हणून तो आज कशावरही चालतो. पण अमेरिकेतल्या एका अभ्यासाने २०२३ मध्ये दाखवलं की तिथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आता बाजारात मिळतच नाहीत. ही जिथे जपणूक करणाऱ्या संस्था आहेत तिथली स्थिती. आपल्याकडचे खेळ कोण जपणार? झपाकसारख्या संकेतस्थळांवरचे फ्लॅशचे खेळ २०२० अखेर फ्लॅशबरोबरच बंद पडले. बाराखडी नि पाढे शिकवणाऱ्या मराठी सीडींसाठी तर परदेशातला कोणी हौशी जागरण करणार नाही.

जे टिकलं ते पोरांनी टिकवलं. ईएचा क्रिकेट ०७ हा खेळ २००६ चा. त्यानंतर कंपनीने ती मालिकाच गुंडाळली. आयपीएल तेव्हा जन्मालाही आली नव्हती आणि आपल्या खेळाडूंची नावं हक्कांअभावी मोडतोड करून घातलेली होती. तरी देशभरातली पोरं वर्षानुवर्षं फुकटात पॅच बनवत राहिली. नवे संघ, नवे गणवेश, खरी नावं त्यांनी घातली. खापरखेड्याचा उमेश यादव त्या खेळात गोलंदाजीला आला तो यांच्यामुळे.

सरकारकडे मागण्यासारखं एकच आहे आणि त्याला पूर्वाधार आहे. प्रकाशित पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना देण्याची सक्ती १९५४ च्या कायद्याने केली. त्यात सॉफ्टवेअर नाही. सुरुवातीला त्यात वर्तमानपत्रंही नव्हती. ती १९५६ च्या दुरुस्तीने आली.